नाकावर एकशेवीस

भाऊजींचा आवाज चढलेला मी कधी ऐकला नाही, आणि त्या माणसाचा मला सगळ्यात जास्त राग येतो तो ह्याच गोष्टीसाठी. भाऊजी म्हणजे माझा धाकटा दीर. तोंडावर मी त्यांना 'तुम्ही' म्हणते, कारण ह्या घरात आले तेव्हापासून म्हणते, आणि आता भांडणासाठी सवय बदलायचे कष्ट कोण घेणार. मनात काय म्हणते ते इथे सांगण्यासारखं नाही.

आमची एकच शेड. लांबलचक, पत्र्याची. नवरा होता तेव्हा मधे भिंत नव्हती. पुढच्या भागात आम्ही दोघं गाड्यांना ट्रेलर जोडायचे हिच बसवायचो, मागच्या भागात भाऊजी किचनच्या ओट्यांचे दगड कापायचे. नवरा गेला आणि सहा महिन्यांत मी मधे पत्रा उभा केला. तिकडून मशीनचं पाणी यायचं, पांढरा चिखल थेट माझ्या वेल्डिंगच्या केबलवर. एकदा सांगितलं, दोनदा सांगितलं. भाऊजी म्हणायचे, "हो वहिनी, बघतो." बघतो म्हणजे काय, पाणी काय बघायची गोष्ट आहे? शेवटी मीच पत्र्याखाली वीतभर उंच सिमेंटचा बांध घातला. पाणी त्यांच्याच बाजूला तुंबलं. ते गुडघ्यापर्यंतचे बूट घालून काम करायला लागले, पण माझ्या दारात येऊन एक शब्द बोलले नाहीत. मी आठवडाभर वाट बघत होते की आता येतील, आता येतील. उत्तरं सगळी तयार होती.

मग माझी मुलगी पत्र्याच्या पलीकडे गेली. पंधराव्या वर्षापासून मी तिच्या हातात वेल्डिंगचा होल्डर दिला होता. चोविसाव्या वर्षी तिचा हात माझ्यापेक्षा सरळ चालतो, हे मी तिला कधी सांगितलं नाही ते सोडा. एक दिवस तिने एका गाडीचे बोल्ट उलटे घातले, मी बोलले, जरा जास्तच बोलले, गिऱ्हाईक समोर होतं. तिने हातमोजे काढून टेबलावर ठेवले आणि म्हणाली, "काकाकडे काम आहे. काका ओरडत नाही." बस्स, एवढंच. सात महिने झाले. घरी यायची, जेवायची, ताट विसळायची, झोपायची. दिवसा पत्र्याच्या पलीकडून तिचं हसणं ऐकू यायचं. काय एवढं हसण्यासारखं असतं दगड कापण्यात, देव जाणे.

त्या दिवशी ती दारात उभी राहिली तेव्हा मला वाटलं, आली. आली पोरगी परत. मी हातातली पक्कड खाली ठेवली.

"आई, काम आहे," ती म्हणाली. गिऱ्हाइकासारखी. "काकाच्या पिकअपला हिच बसवायचाय. हिच आम्ही आणलाय. तुझे जे होतील ते घे."

तुझे जे होतील ते घे. म्हणजे मी आता बाहेरची. तळपायाची आग मस्तकात गेली. म्हटलं आण गाडी.

ज्यांना माहीत नाही त्यांना सांगते. पिकअपच्या मागे, बंपरच्या खाली, चासीला एक आडवा लोखंडी दांडा बोल्टने बसवतात, तो हिच. त्यावर एक गोळा, त्याला आम्ही बॉलच म्हणतो. ट्रेलरच्या पुढच्या टोकाला वाटीसारखं तोंड असतं, ते ह्या बॉलवर बसतं. त्या टोकाला आमच्याकडे नाक म्हणतात. सगळं दिसायला सोपं आहे, म्हणूनच लोक मरतात. कारण गाडीच्या पुस्तकात एक आकडा असतो, बॉलवर दुसरा कोरलेला असतो, हिचच्या प्लेटवर तिसरा, आणि माणसाची जात अशी की त्यातला जो मोठा दिसेल तो वाचून खूश. ह्यांतला सगळ्यात लहान आकडा तेवढा खरा. बाकीचे शोभेचे.

आणि हिचच्या प्लेटवर आकडे दोन असतात. मागे एकूण किती वजन ओढायचं तो एक, आणि ट्रेलरच्या नाकाने बॉलवर किती भार टाकायचा तो दुसरा. हे दोघं नवराबायको आहेत. एकाला सोडून दुसऱ्याला घरी बोलावून चालत नाही. नाकावर साधारण एकूण वजनाचा दहावा भाग पाहिजे. जास्त झाला तर हिच वाकतो, गाडीचं पुढचं तोंड वर उचललं जातं. कमी झाला तर ट्रेलर मागे शेपटीसारखा हलायला लागतो, आणि उतारावर ती शेपटी गाडीला फिरवते. पहिलं वाईट. दुसऱ्यात माणूस वाचत नाही.

भाऊजींनी आणलेला हिच भंगारातला. प्लेट गंजून तिचा पापड झालेला, एक अक्षर वाचता येत नव्हतं. पण मला वाचायची गरज काय? ह्या जातीचे शेकडो बसवले मी. पातळ पत्रा दाबून केलेला, दोन्ही बाजूंना दोनच बोल्ट. हा लहान ट्रेलरांसाठीचा हिच. एकूण बाराशे किलो, नाकावर एकशेवीस. दगड ओढायला ह्याचा काही उपयोग नाही हे मला बघताक्षणी कळलं.

मी गाडीखाली झोपून बोल्ट कसले. ती शेजारी उकिडवी बसून पाने देत होती, न मागता, पाहिजे तो पाना, पाहिजे त्या क्षणी. वाईट वाटलं. वाईट वाटलं की मला राग येतो, हा माझा जुना आजार.

"प्लेट गेलीय ह्याची," ती म्हणाली. "किती झेपतं ह्याला?"

"नाकावर एकशेवीस. वर एक किलो नाही."

तिने कार्ड आणि पेन पुढे केलं. "लिहून दे."

मी लिहिलं. 'नाकावर १२० किलोच्या वर नाही.' खाली सहीसुद्धा केली, जशी सगळ्या गिऱ्हाइकांना देते तशी.

"आणि मागे एकूण?"

हा प्रश्न तिने विचारला. तिने विचारला नव्हता असं मला म्हणता आलं असतं तर बरं झालं असतं. तिने स्पष्ट विचारला, माझ्या तोंडाकडे बघून. आणि मी हात पुसत म्हटलं, "ते काकाला विचार. काकाला सगळं कळतं ना?"

तिने कार्ड खिशात घातलं आणि गाडी घेऊन पलीकडे गेली.

माझ्या मनात काय होतं तेही सांगते, लपवून काय करू. मला पाहिजे होतं की भाऊजींनी स्वतः यावं. माझ्या दारात उभं राहावं, टोपी हातात घेऊन, आणि म्हणावं, वहिनी, एकूण किती? मग मी त्यांना आधी पाण्याचं ऐकवणार होते, मग पोरीचं, आणि सगळ्यात शेवटी सांगणार होते की हा हिच काढून टाका, दगडांना हा चालत नाही. त्यांचा ट्रेलर अजून अर्धवट होता, पलीकडे ठोकाठोकी चालू होती. म्हटलं वेळ आहे. अकरा दिवस गेले. ते काही आले नाहीत. मग माझ्या डोक्यात दुसरी कामं आली. हे कारण म्हणून सांगत नाही, झालं ते सांगते.

बाराव्या दिवशी सकाळी पलीकडे गाडी सुरू झाल्याचा आवाज आला. मी एका जीपखाली होते, बघितलंही नाही. तासाभराने वजनकाट्यावरचा माणूस आला. नाक्यावर त्याचा मोठा काटा आहे, ट्रक तोलायचा. त्याच्या हातगाडीचं चाक निखळलं होतं, ते घेऊन आला आणि सवयीप्रमाणे गप्पा मारत बसला.

"तुमची लेक फार व्यवस्थित बुवा," तो म्हणाला. "सकाळी ट्रेलर आणला तोलायला. लोक गाडीला जोडलेलाच काट्यावर चढवतात, नाकाचं वजन राहतं गाडीवर आणि म्हणतात बघा किती हलका. हिने सोडवून वेगळा तोलला. शिकवण चांगली आहे हो तुमची."

"किती भरला?" मी विचारलं. उगीच विचारलं, हातात काम होतं.

"एकोणीसशे."

मी वेल्डिंगची काच वर केली. "एकोणीसशे कशाचे?"

"ओट्यांचे दगड. चौदा आहेत, शंभर-शंभर किलोचे. पाचशेचा ट्रेलर. पण बॅलन्स काय केलाय. मी नाक धरून उचलून बघितलं, सहज आलं वर. ती म्हणाली साठच किलो आहे नाकावर, घरच्या काट्यावर मोजलंय."

आमच्या घरी न्हाणीबाहेर माणसांचं वजन करायचा काटा असतो. चार दिवस तो जागेवर नव्हता. मी मनात म्हटलं होतं, वजन कमी करायचं खूळ घेतलं असेल पोरीने.

एकोणीसशे मागे आणि साठ नाकावर. "कुठे गेलीय?" मी विचारलं, आणि तो म्हणाला, "घाटाखाली. तिकडे नवीन हॉटेल होतंय ना, तिथले ओटे. काका आहेत बरोबर."

मी फोन लावला. गाडी चालवताना ती फोन उचलत नाही, ही शिस्तही मीच लावलेली. भाऊजींना लावला. वाजला आणि कट झाला. पुन्हा लावला, पुन्हा कट. त्या महिन्यात मी त्या माणसाला तीन वेळा फोन करून, बोलणं पुरं न होऊ देता ठेवून दिला होता, तेव्हा त्याला दोष तरी काय देऊ. मी मेसेज लिहिला, 'घाट उतरू नका. ट्रेलर हलेल.' उत्तर आलं. अंगठ्याचं चित्र. म्हणजे ठीक आहे वहिनी, बघतो.

काटेवाल्याला तसाच बसवून मी व्हॅन काढली. दुकान उघडं, गॅस चालू होता की बंद, काही माहीत नाही. त्या रस्त्याने मी आयुष्यात कधी एवढी जोरात गेले नसेन. प्रत्येक वळणानंतर वाटायचं, आता दिसेल. आडवी पडलेली दिसेल. मी मोठमोठ्याने भाऊजींना शिव्या देत होते, कारण दुसऱ्या कोणाला द्यायच्या ते कबूल करायची माझी तयारी नव्हती.

घाट सुरू होण्याआधी डाव्या हाताला मोठी मोकळी जागा आहे, ट्रकवाले तिथे ब्रेक गार करतात. तिथे उभी होती पिकअप. सरळ उभी. मला रडू आलं आणि लगेच राग आला, दोन्ही एकदमच. मी पिकअपच्या तोंडासमोर व्हॅन आडवी लावली.

मुलगी ट्रेलरच्या चाकाशी वाकून हवा तपासत होती. भाऊजी हातात पाण्याची बाटली धरून उभे. मला बघून त्यांचा चेहरा पडला. ते शांतपणे म्हणाले, "वहिनी, आज नको. आज काम पोचवायचंय. संध्याकाळी या, काय बोलायचं ते बोला, मी ऐकतो."

"ही गाडी खाली जाणार नाही," मी म्हटलं.

"आई, प्लीज," मुलगी उठून म्हणाली. तिचे ओठ पांढरे पडले होते. रागाने असतील असं मला वाटलं. "इथेसुद्धा?"

"ट्रेलर हलतोय ना मागे?"

तिने काकाकडे बघितलं. भाऊजी म्हणाले, "सत्तरच्या स्पीडला जरा हलला. टायरमधे हवा कमी असेल म्हणून थांबलो."

"हवा गेली खड्ड्यात. नाकावर साठ ठेवलंय तुम्ही. अक्कल कुठे गहाण टाकली होती? एवढा मोठा ट्रेलर आणि नाकावर साठ? खाली पहिल्या वळणावर तो गाडीला फिरवून कठड्यावरून फेकेल. पोरीला घेऊन निघालात तुम्ही हे असलं लादून, लाज नाही वाटत?"

मी भाऊजींवर ओरडत होते. बोट त्यांच्या छातीकडे, तोंड त्यांच्याकडे. दोन ट्रकवाले चहाचे ग्लास घेऊन बघायला आले. उत्तर दिलं ते मुलीने.

"काकाने नाही लादलं," ती म्हणाली. "काकाने दगड पुढे ठेवले होते. बाबा पुढेच ठेवायचे, असं म्हणाला. मी मोजलं तर नाकावर एकशेऐंशी आले. तू लिहून दिलं होतंस एकशेवीसच्या वर नाही. म्हणून घोडी मागे सरकवली." ती दगड उभे टेकवायच्या त्या लाकडी घोडीबद्दल बोलत होती, तीच तिने बोल्ट लावून मागेपुढे सरकेल अशी केली होती. "एकशेवीसवर आणून थांबणार होते. मग म्हटलं आईने लिहिलंय तर काठावर कशाला, निम्मंच ठेवू. काका नको म्हणत होता. आम्ही भांडलो त्याच्यावरून."

"भांडलात?"

"मी ओरडले त्याच्यावर. म्हटलं आईचा आकडा आहे, तो चुकत नाही."

माझं बोट अजून हवेतच होतं. ते खाली घ्यायला मला जरा वेळ लागला. सात महिने मला वाटत होतं की ही पोरगी मला पुसून टाकून बसली आहे. आणि ही माझ्या एका ओळीसाठी त्या कधीही न ओरडणाऱ्या माणसाशी भांडून, चौदा दगड हाताने मागे सरकवून, माझ्याच शब्दावर घाट उतरायला निघाली होती.

"एकूण किती धरलंत?" मी विचारलं.

"पंचवीसशे," भाऊजी म्हणाले. "गाडीच्या पुस्तकात पंचवीसशे, बॉलवर पस्तीसशे. दोन्हींतला लहान धरला. दादा तसंच सांगायचा."

"हिचचा?"

"प्लेट वाचता येत नव्हती. तुम्ही बसवून दिलात, म्हटलं चालत असेल."

"बाराशे आहे," मी म्हटलं.

ट्रकवाल्यांपैकी एकाने तोंडातल्या तोंडात काहीतरी म्हटलं आणि ते दोघं परत आपल्या गाड्यांकडे गेले. मुलगी हिचकडे बघत होती. ती माझीच विद्यार्थिनी, तिला पुढचं सांगायला लागलं नाही. बाराशेला एकशेवीस. एकोणीसशे त्याच्यावर लादायचेच नव्हते, पुढेही नाही आणि मागेही नाही.

"पाच, पाच, चार," ती म्हणाली. "तीन फेऱ्या."

दगड उतरवायला आम्हाला पाऊण तास लागला. तिघं मिळून. एकेक दगड घोडीवरून उचलून कठड्याला लाकडाच्या पट्ट्यांवर उभा टेकवायचा, दोरीने बांधायचा. भाऊजी एका टोकाला, मी दुसऱ्या टोकाला, एकाच दगडाच्या. त्यांच्याइतकं जवळ मी दोन वर्षांत उभी राहिले नव्हते. कपाळावरून घाम डोळ्यात जात होता तरी दोघांपैकी कोणी 'जरा थांबा' म्हणायला तयार नाही. नऊ दगड खाली आले. उरलेले पाच तिने घोडीसकट पुढे घेतले. मग घरचा काटा काढला, नाकाखाली ठेवला. एकशेपाच. एकूण हजार.

"आता बरोबर आहे," मी म्हटलं. "भाऊजींची मांडणी बरोबर होती. वजन तेवढं जास्त होतं." हे वाक्य बोलायला मला किती जड गेलं ते माझं मला ठाऊक.

मुलीने काटा पुसून सीटमागे ठेवला. मग माझ्यासमोर येऊन उभी राहिली.

"मी तुला विचारलं होतं, मागे एकूण किती."

"हो."

"तू म्हणालीस काकाला विचार."

मी मान हलवली. तेवढ्यात भाऊजी मधे पडले. त्याच आवाजात, सपाट, मऊ. "अगं, वहिनींना वाटलं असेल मला माहीत आहे. मी एवढी वर्षं दादाबरोबर काम केलंय. साहजिक आहे. होतं असं."

त्या माणसाने मला वाट काढून दिली. सरळ, रुंद वाट, चालत गेलं की झालं. मी फक्त 'हो ना' म्हणायचं होतं. पोरगी जरा रागावली असती आणि आठवड्यात विसरली असती. पण ती वाट त्यांनी दिलेली होती. आयुष्यभर मला ह्या माणसाच्या चांगुलपणाखाली राहावं लागलं असतं, आणि ते मला जमणार नव्हतं. खरं बोलले ते काही मी फार मोठी सच्ची म्हणून नाही, हे आधीच सांगून ठेवते.

"मला तसं वाटलं नव्हतं," मी म्हटलं. "तुम्हाला माहीत नाही हे मला माहीत होतं. म्हणूनच सांगितलं नाही. तुम्ही येऊन विचारावं म्हणून."

भाऊजींनी बाटलीचं झाकण लावलं, काढलं, पुन्हा लावलं. मुलगी माझ्याकडे बघत राहिली. ती ओरडली असती तर मला चाललं असतं. ओरडण्याला ओरडून उत्तर देता येतं.

"मी असते ना गाडीत," ती म्हणाली. एवढंच. हळू आवाजात, काकासारख्या.

मी वाकून एका दगडाची दोरी पुन्हा आवळली.

"मी थांबतो दगडांपाशी," भाऊजी म्हणाले. "तू वहिनींबरोबर जा."

"नाही. तू चल माझ्याबरोबर. दगडांपाशी आई थांबेल." तिने मला विचारलं नाही, सांगितलं. मग गाडीत बसली. मी व्हॅन बाजूला घेतली.

गाडी उतरायला लागली तेव्हा मी कठड्याशी जाऊन उभी राहिले. घाटाची पहिली चार वळणं तिथून दिसतात. पहिलं वळण आलं. ट्रेलर गाडीच्या मागे असा चालला होता की जणू दोन्ही एकाच पत्र्यातून कापलेत. दुसरं वळण, तिसरं, चौथं. मग दिसेनाशी झाली.

मी त्या नऊ दगडांची राखण करत बसले. ज्या दगडांच्या चिखलाने माझ्या केबल खाल्ल्या, त्यांच्याच सावलीत, दुसरीकडे ऊन होतं म्हणून. येणारे जाणारे गाड्या हळू करून बघत. एकाने विचारलं, "विकायचे आहेत का?" मी त्याला असं काही सुनावलं की त्याने काच वर केली. दोन तास मी मनात बोलणं जुळवत होते. ती परत आली की काय म्हणायचं, कुठून सुरुवात करायची. आधी बोल्टांचं म्हणायचं, त्या दिवशी गिऱ्हाइकासमोर बोलायला नको होतं, ते. मग तिचा हात सरळ चालतो, ते. मग हे. मला वाटलं तिला परत येताना वेळ मिळेल, राग जरा उतरेल, पहिल्या दगडाला हात लावताना मी बोलेन.

पिकअप वर आली तेव्हा मी उठून कपडे झटकले. गाडी थांबली. दार उघडून भाऊजी उतरले. दुसऱ्या बाजूचं दार उघडलं नाही. मी वाकून आत बघितलं, सीट रिकामी होती.

"ती तिकडेच थांबलीय," भाऊजी म्हणाले. "ओटे बसवायला. रात्री तिथेच राहते म्हणाली, तिथल्या बायकांबरोबर. घरी कधी येणार ते नाही बोलली."

"मी विचारलं?" मी खेकसले.

"नाही विचारलंत."

आम्ही पाच दगड चढवले. ते एका टोकाला, मी दुसऱ्या. नाकाखाली काटा ठेवला, मोजलं, घोडी दोन बोटं पुढे घेतली, पुन्हा मोजलं. मग भाऊजींनी डोक्यावरची टोपी काढून बॉनेटवर ठेवली, कानामागची पेन्सिल घेतली, वहीचं कोरं पान उघडलं आणि माझ्यासमोर येऊन उभे राहिले.

"तिने सांगितलंय, आईला विचारून सगळं लिहून आण. वहिनी, एकूण किती?"

मी सांगितलं. हिचचा एकूण, नाकावरचा, बॉलवरचा, बोल्ट किती ताकदीने कसायचे, किती किलोमीटरला पुन्हा तपासायचे. गाडीत माणसं आणि सामान भरलं की पुस्तकातला आकडा कसा खाली येतो. उतारावर कोणत्या गिअरमधे राहायचं. हा हिच उद्या काढून टाकायचा, आणि दगडांना कोणता लागतो. ते लिहीत गेले, प्रत्येक आकडा मोठ्याने परत म्हणत. पाण्याचं मी बोलले नाही. पोरीचंही नाही.

"झालं?" ते म्हणाले.

"झालं."

त्यांनी कागदावरची पेन्सिल उचलली नाही. वही तशीच उघडी धरून ते उभे राहिले, आवाज जराही न चढवता, आणि म्हणाले, "नक्की, वहिनी?"

मी पहिल्यापासून पुन्हा आकडेच सांगायला सुरुवात केली.